गहाणखत ते गृहकर्ज : बीड जिल्ह्यातील घर, कर्ज आणि आर्थिक पूर्वतयारी यांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

अन्न, वस्त्र आणि निवारा या मानवाच्या मूलभूत गरजा मानल्या जातात. त्यांपैकी निवारा ही गरज सामान्य कुटुंबाला एका वर्षाच्या उत्पन्नातून भागवता येत नाही. घर उभे करण्यासाठी एक तर अनेक वर्षांची बचत लागते किंवा पुढील अनेक वर्षांचे उत्पन्न आजच वापरावे लागते. दुसऱ्या मार्गालाच कर्ज म्हणतात. त्यामुळे घराचा इतिहास हा बऱ्याच अंशी कर्जाचाही इतिहास ठरतो.

मराठवाड्याच्या ग्रामीण समाजमनात 'गहाण' या शब्दाला भीतीची छटा आहे. शेत गहाण पडले, घर गहाण पडले, म्हणजे ते गेलेच, असा अनुभव अनेक पिढ्यांनी घेतला. आज बँकेकडून गृहकर्ज घेणारा नोकरदारही कायद्याच्या भाषेत आपले घर गहाणच ठेवत असतो. मात्र पूर्वीच्या गहाणात हाती असलेली मालमत्ता संकटाच्या वेळी तारण म्हणून दिली जात असे. गृहकर्जात जी मालमत्ता मिळवायची आहे तीच तारण ठरते. हा बदल कसा घडला, त्याचा लाभ बीड जिल्ह्यातील कोणत्या वर्गाला मिळाला आणि कोणता वर्ग त्याबाहेर राहिला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेण्यात आला आहे.

उद्दिष्टे :

१) बीड जिल्हा व परिसरातील गहाण व्यवहारांचे पारंपरिक स्वरूप समजून घेणे.
२) ऋणकोच्या संरक्षणासाठी झालेल्या कायद्यांचा क्रम अभ्यासणे.
३) संस्थात्मक गृहकर्जाचा विकास व त्याची कार्यपद्धती स्पष्ट करणे.
४) या इतिहासाच्या आधारे घरखरेदीच्या आर्थिक पूर्वतयारीची सूत्रे मांडणे.

गृहीतक :

कर्जाची सुरक्षितता केवळ व्याजदरावर अवलंबून नसते. हिशेब कोणाच्या हाती आहे, तारण सोडवण्याचा हक्क लेखी आहे काय आणि हप्त्याचा काळ उत्पन्नाच्या काळाशी जुळतो काय, या तीन बाबींवर ती मुख्यतः अवलंबून असते.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब करण्यात आला आहे.

गहाणाची पारंपरिक रूपे :

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा भाग होता. बालाघाटच्या डोंगररांगांनी विभागलेला हा प्रदेश पर्जन्यछायेत येतो. गोदाकाठचा गेवराई-माजलगावचा भाग वगळता शेती प्रामुख्याने पावसावर अवलंबून राहिली. पाऊस चुकला की शेतसारा, बियाणे, लग्नकार्य आणि घराची डागडुजी या सर्वांसाठी सावकाराचे दार ठोठवावे लागे.

कर्जाच्या तारणाचे व्यवहार साधारणपणे तीन प्रकारचे होते. नजरगहाणात मालमत्तेचा ताबा ऋणकोकडेच राहत असे आणि कर्ज थकल्यास धनको तिच्यावर हक्क सांगत असे. कब्जेगहाणात ताबा धनकोकडे जाई आणि शेताचे उत्पन्न किंवा घराचे भाडे व्याजापोटी तो घेत असे. तिसरा प्रकार मुदतखरेदीचा. यात मालमत्ता विकल्याचा लेख करून ठराविक मुदतीत रक्कम परत केल्यास ती परत मिळेल, अशी अट घालण्यात येई. मुदत टळली की खरेदी कायम समजली जाई. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने ब्रिटिश भारतात या प्रकारांना कायदेशीर व्याख्या दिल्या आणि गहाण सोडवण्याचा ऋणकोचा हक्क कलम ६० मध्ये मान्य केला. व्याजाची थकबाकी एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक वसूल करता येऊ नये, हा दामदुपटीचा जुना नियमही मुंबई इलाख्यातील न्यायालये हिंदू ऋणकोंच्या बाबतीत मान्य करीत असत.

परंतु कायद्यातील हक्क आणि व्यवहारातील वास्तव यांत मोठे अंतर होते. हिशेबाची वही सावकाराकडे, लेख लिहिणारा सावकाराच्या ओळखीचा आणि ऋणको निरक्षर, अशा स्थितीत किती रक्कम घेतली, किती फेडली आणि किती राहिली, हे ऋणकोला सांगता येत नसे. अनेक वेळा परत देण्याची अट लेखात न घालता तोंडी ठेवली जाई आणि कागदावर निव्वळ खरेदीखत होई. परतफेडीचा विषय निघाल्यावर तोंडी वचनाला पुरावा राहत नसे. १९२९ च्या दुरुस्तीने सशर्त विक्रीची अट त्याच लेखात नमूद असेल तरच तो व्यवहार गहाण मानला जाईल, असे ठरवले. त्यामुळे कागद नीट लिहून घेणाऱ्याचा फायदा झाला. तोंडी विश्वासावर चालणारा मात्र अधिकच असुरक्षित झाला.

शेजारच्या जिल्ह्यातील उठाव आणि कायदा :

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. त्याचे लोण बीडला लागून असलेल्या तत्कालीन अहमदनगर (आजच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातही पोहोचले. या उठावात शेतकऱ्यांचा मुख्य रोख कर्जाच्या खतांवर होता. खते ताब्यात घेऊन ती जाळणे हा उठावाचा मुख्य भाग होता. कर्जापेक्षा कर्जाचा कागद अधिक धोकादायक आहे, हे शेतकऱ्यांनी अचूक ओळखले होते.

यानंतर नेमलेल्या चौकशी आयोगाच्या अहवालावरून १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो प्रथम लागू झाला. खतावरील रक्कम अंतिम न मानता व्यवहाराच्या मुळापासून हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. परतफेडीची पावती, हिशेबाचा उतारा आणि पासबुक मागण्याचा हक्क शेतकऱ्याला देण्यात आला. हिशेब ऋणकोच्या हाती देण्याचा हा या प्रदेशातील एक महत्त्वाचा प्रारंभिक कायदेशीर प्रयत्न होय. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथातही शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणाची मीमांसा आढळते.

बीड जिल्हा मात्र हैदराबाद संस्थानात असल्याने या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिला. आष्टी परिसरातील शेतकरी आणि त्यापलीकडील अहमदनगर जिल्ह्यातील शेतकरी यांची जमीन, पीक आणि पाऊस सारखे असले, तरी एकाला पासबुक मागण्याचा हक्क होता आणि दुसऱ्याला नव्हता. संस्थानात १९१४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. केशव अय्यंगार यांनी १९२९-३० मध्ये संस्थानातील ग्रामीण भागाची आर्थिक पाहणी केली. त्यानंतर फसली १३४९ (इ. स. १९३९-४०) मध्ये सावकारी नियंत्रणाचा कायदा करण्यात आला. म्हणजे सीमेपलीकडील कायद्यानंतर सुमारे साठ वर्षांनी संस्थानात सावकारीवर कायदेशीर नियंत्रण आले.

स्वातंत्र्योत्तर काळ : सावकार, सहकार आणि बँक :

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. दरम्यान रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ साली केलेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीचा गोरवाला समितीचा अहवाल १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३.१ टक्के, व्यापारी बँकांचा ०.९ टक्के, तर सावकारांचा सुमारे ७० टक्के असल्याचे त्यातून स्पष्ट झाले.

यानंतर संस्थात्मक पतपुरवठ्याचा विस्तार झाला. १९४१ मध्ये स्थापन झालेली हैदराबाद स्टेट बँक पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली. मराठवाड्यातील नोकरदार व व्यापारी वर्गाची ती अनेक दशके मुख्य बँक राहिली आणि १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली. १९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७६ मध्ये नांदेड येथे मुख्यालय असलेली मराठवाडा ग्रामीण बँक सुरू झाली. भूतारण, म्हणजे नंतरच्या भूविकास बँकांनी विहीर, पाइपलाइन यांसारख्या कामांसाठी जमिनीच्या तारणावर दीर्घ मुदतीचे कर्ज दिले. त्याचे हप्ते पिकाच्या हंगामानुसार वर्षाकाठी ठरवलेले असत. उत्पन्नाच्या काळाशी हप्त्याचा काळ जुळवण्याची ही पद्धती लक्षणीय होती. तथापि या साऱ्या यंत्रणेचा भर शेतीवर होता, घरासाठीच्या कर्जावर नव्हता.

घरासाठी स्वतंत्र वित्तव्यवस्था देशात उशिरा आली. १९७० मध्ये हुडको, १९७७ मध्ये ह. ठा. पारेख यांच्या पुढाकाराने एचडीएफसी, १९८८ मध्ये राष्ट्रीय गृहनिर्माण बँक आणि १९८९ मध्ये एलआयसी हाउसिंग फायनान्स अशा संस्था स्थापन झाल्या. १९९० नंतरच्या उदारीकरणात व्यापारी बँकाही या क्षेत्रात मोठ्या प्रमाणावर उतरल्या. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव यांसारख्या शहरांत शिक्षक, प्राध्यापक आणि शासकीय कर्मचारी हा या कर्जाचा नैसर्गिक ग्राहक ठरला, कारण त्यांचे उत्पन्न मासिक होते आणि पगारपत्रक हा त्याचा पुरावा होता.

तत्पूर्वी या वर्गाचे घर भविष्य निर्वाह निधीतील ना-परतावा रक्कम, घरबांधणी अग्रिम, कर्मचारी पतसंस्थेचे कर्ज आणि घरातील सोने यांच्या जोरावर उभे राहत असे. महाराष्ट्र शासनाने १ नोव्हेंबर २००५ नंतर नियुक्त कर्मचाऱ्यांसाठी अंशदायी निवृत्तिवेतन योजना लागू केली. त्यामुळे या कर्मचाऱ्यांना जुन्या निधीतून घरासाठी मोठी रक्कम काढण्याचा मार्ग बंद झाला. एकाच महाविद्यालयातील दोन पिढ्यांच्या प्राध्यापकांची घरखरेदीची आर्थिक पायाभूमी त्यामुळे वेगळी झाली. नव्या पिढीला स्वतःचा हिस्सा वेगळ्या बचतीतून उभा करावा लागतो.

उचल : श्रमाचे गहाण :

जिल्ह्यातील मोठा वर्ग या विकासाबाहेर राहिला. १९५० नंतर प्रवरानगरपासून पश्चिम महाराष्ट्रात सहकारी साखर कारखानदारी वाढली. १९७२ च्या दुष्काळाने जिल्ह्यातील स्थलांतराला अधिक गती दिली. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, केज, धारूर, वडवणी, परळी, गेवराई अशा तालुक्यांतून लाखो ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाकडे जातात. पती-पत्नीच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. हंगामापूर्वी मुकादमाकडून कोयत्याला मिळणारी आगाऊ रक्कम म्हणजे 'उचल'.

लग्न, आजारपण, जुनी देणी आणि घराचे बांधकाम ही उचलीमागील प्रमुख कारणे आहेत. पत्र्याच्या खोलीवर स्लॅब टाकायचा असेल तर बँकेऐवजी मुकादमाकडे जावे लागते, कारण कामगाराकडे पगारपत्रक नसते आणि गावठाणातील घराचा बँकेला चालेल असा कागदही बहुधा नसतो. उचलीत घर किंवा जमीन तारण नसते. पुढील हंगामातील श्रम हेच तारण असते. तोडलेल्या उसाचा हिशेब मुकादमाच्या वहीत राहतो. रक्कम फिटली नाही तर बाकी पुढील हंगामावर जाते. १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्याच्या हाती हिशेब देण्याचा जो प्रयत्न केला, त्याची गरज या व्यवहारात आजही कायम असल्याचे दिसते.

आगाऊ रकमेच्या बदल्यात सक्तीने श्रम करून घेण्यास १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने मनाई केली आहे. ऊसतोड कामगारांसाठी राज्य शासनाने लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळही स्थापन केले. घराच्या बाबतीत १९८५-८६ मध्ये सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेची जागा २०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागाने घेतली. त्यात सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपयांचे अनुदान टप्प्याटप्प्याने देण्याची तरतूद करण्यात आली. परंतु बांधकामाचा खर्च याहून अधिक येतो आणि उरलेली रक्कम उभी करताना कुटुंब पुन्हा उचलीकडे वळण्याची शक्यता राहते.

बीडमधील मालकीहक्काचा प्रश्न :

गृहकर्जाचे तारण कागदावर सिद्ध व्हावे लागते. बीड जिल्ह्यात हा कागद निजामकाळापर्यंत मागे जातो. जमिनीच्या हक्काचा माग काढताना १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक आणि निजामकालीन उर्दू कागदपत्रे तपासावी लागतात. काही जमिनी मदतमाश किंवा खिदमतमाश इनामाच्या असतात. १९५४ च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्यानंतर त्यांच्या हक्कांचे स्वरूप बदलले. अशा तसेच भोगवटादार वर्ग दोनच्या जमिनींच्या हस्तांतरणावर निर्बंध असतात आणि सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीविना झालेली खरेदी अडचणीत येते. देवस्थानाच्या सेवेसाठी दिलेल्या खिदमतमाश जमिनींबाबत विशेष दक्षता आवश्यक ठरते.

शहरांच्या कडेला गुंठ्यांनी विकलेल्या भूखंडांचा प्रश्न वेगळा आहे. १९४७ चा तुकडेबंदी कायदा आणि २००१ चा गुंठेवारी नियमितीकरण कायदा या दोन्हींचा संदर्भ त्यास आहे. अकृषिक परवानगी व मंजूर रेखांकन नसलेल्या भूखंडावर बँका सहसा कर्ज देत नाहीत. तो भूखंड स्वस्त वाटतो, परंतु त्यावर घर बांधण्यासाठी मग महाग खाजगी कर्जच उरते. गावठाणातील घरांसाठी २४ एप्रिल २०२० रोजी जाहीर झालेल्या स्वामित्व योजनेतून ड्रोनद्वारे मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याचे काम हाती घेण्यात आले. ग्रामपंचायतीचा नमुना ८ अ हा मुळात करआकारणीचा उतारा आहे, मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. म्हणून मिळकत पत्रिकेचे महत्त्व मोठे आहे.

मालकी कोणाच्या नावे, हाही प्रश्न आहे. २००३ मध्ये राज्यात 'घर दोघांचे' अभियान सुरू झाले आणि १ एप्रिल २०२१ पासून स्त्रीच्या नावे होणाऱ्या घरखरेदीस मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत देण्यात आली. ज्या जिल्ह्यात स्त्रीचे श्रम अर्ध्या कोयत्याच्या रूपाने उचलीत मोजले जातात, तेथे घराच्या कागदावर तिचे नाव असण्याला केवळ सवलतीपुरता अर्थ नाही.

घरखरेदीची आर्थिक पूर्वतयारी :

वरील इतिहासातून आजच्या खरेदीदारासाठी काही सूत्रे हाती येतात.

पहिले सूत्र बचतीचे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या कमाल ९० टक्के आणि ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के रक्कम देता येते. मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च सामान्यतः या किमतीत धरला जात नाही. म्हणजे स्वतःचा हिस्सा, हे शुल्क आणि घरात प्रवेशानंतरचा खर्च आधी साठवावा लागतो. ही बचत कोठे ठेवावी, हा बीडकरांसाठी जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. २०२३ पासून जिल्ह्यातील काही बहुराज्यीय पतसंस्थांचे व्यवहार ठप्प होऊन हजारो ठेवीदारांची पुंजी अडकली. त्यांत घरासाठी व मुलामुलींच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कमही होती. बँकेतील ठेवीस ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रति ठेवीदार प्रति बँक ५ लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीस ते नाही. एक-दीड टक्का अधिक व्याजासाठी घराची मूळ पुंजी धोक्यात घालणे हिताचे नाही.

दुसरे सूत्र पतीचे. पूर्वी सावकाराला घराण्याची पत तोंडपाठ असे. २००० मध्ये सिबिलच्या स्थापनेनंतर ती लेखी व गुणांकित झाली. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एक अहवाल विनामूल्य मिळतो. तो अर्जापूर्वी पाहून चुका दुरुस्त करून घ्याव्यात. पतसंस्थेत सहकाऱ्याला दिलेली जामीनकी ही देखील आपल्या पतीवरील जबाबदारी असते, याचा शिक्षकवर्गास सहज विसर पडतो.

तिसरे सूत्र हप्त्याचे. २० लाख रुपये ८.५ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे १७,३५७ रुपये येतो आणि एकूण व्याज सुमारे २१ लाख ६५ हजार होते. पहिल्या हप्त्यात १४,१६७ रुपये व्याजाचे आणि अवघे ३,१९० रुपये मुद्दलाचे असतात. तेच कर्ज १५ वर्षांत फेडल्यास हप्ता सुमारे १९,६९५ रुपये होतो आणि व्याज सुमारे १५ लाख ४५ हजार लागते. म्हणजे दरमहा सुमारे २,३४० रुपये अधिक भरल्याने व्याजात सव्वासहा लाखांच्या आसपास बचत होते. मात्र मुदत ठरवताना पगार रखडण्याची शक्यता, आईवडिलांचे आजारपण आणि मुलांचे शिक्षण विचारात घेऊन किमान सहा महिन्यांच्या हप्त्यांइतकी रक्कम बाजूला असावी.

चौथे सूत्र व्याजदराच्या निवडीचे. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे रेपो दरासारख्या बाह्य मानकाशी जोडण्यात आली. गृहवित्त कंपन्यांना हा नियम लागू नाही, म्हणून त्यांचा दर कसा बदलतो हे आधी विचारावे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला. वरील उदाहरणात दर आरंभीच ९.५ टक्के झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर २० वर्षांची मुदत सुमारे २५ वर्षे ९ महिन्यांवर जाते. हप्ता वाढला नाही म्हणून समाधान मानणाऱ्या ऋणकोचे कर्ज निवृत्तीनंतरही चालू राहू शकते. ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने हप्ता वाढवणे, मुदत वाढवणे किंवा दोन्हींचा मेळ घालणे, असा पर्याय ऋणकोला देणे बंधनकारक झाले. हा पर्याय लेखी मागावा. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या दराच्या गृहकर्जाची मुदतपूर्व फेड केल्यास बँकेला दंड आकारता येत नाही, हा नियम २०१२ पासून आहे. करसवलतीवर मात्र फार विसंबू नये. २०२३-२४ पासून मूळ ठरलेल्या नव्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही.

पाचवे सूत्र कागदाचे. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्यावा आणि सातबाऱ्यावरील इतर हक्कांच्या रकान्यात बोजा आहे काय, हे पाहावे. १ ऑक्टोबर २०२४ पासून कर्ज देताना सर्व खर्चासह वार्षिक दर दाखवणारे मुख्य तथ्य विवरण देणे बँकांना व वित्त कंपन्यांना बंधनकारक आहे. ते दोन-तीन संस्थांकडून घेऊन ताडून पाहावे. १ डिसेंबर २०२३ पासून कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत न केल्यास विलंबाच्या प्रत्येक दिवसासाठी ५,००० रुपये भरपाई ऋणकोला देय होते. १८७५ मध्ये ज्या कागदासाठी शेतकरी रस्त्यावर उतरले, तो परत मिळण्याची कालमर्यादा आता नियमाने ठरली आहे. कागद मिळाल्यावर बोजा कमी करून घेण्यास मात्र विसरू नये.

संस्थात्मक कर्ज निर्धोक असते, असा याचा अर्थ नाही. हप्ते ९० दिवसांहून अधिक थकल्यास खाते अनुत्पादक ठरते आणि २००२ च्या सरफेसी कायद्यानुसार ६० दिवसांची नोटीस देऊन बँक न्यायालयात न जाता घराचा ताबा घेण्याची कार्यवाही करू शकते. शेतजमिनीला या कायद्यातून वगळले आहे, घराला नाही. अडचण आल्यास नोटिशीची वाट न पाहता बँकेकडे लेखी पुनर्रचना मागणे श्रेयस्कर ठरते. याउलट सावकाराने कर्जापोटी खरेदीखत करून मालमत्ता बळकावली असल्यास २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यानुसार जिल्हा उपनिबंधकाकडे दाद मागता येते आणि चौकशीअंती ती परत मिळू शकते. १९२९ च्या दुरुस्तीने जो तोंडी विश्वासाचा ऋणको असुरक्षित राहिला होता, त्याला उशिरा का होईना आधार मिळाला.

निष्कर्ष :

१) बीड जिल्ह्यात मुदतखरेदी, उचल आणि गृहकर्ज ही गहाणाची तीन रूपे आढळतात. पहिल्यात मालमत्ता, दुसऱ्यात श्रम आणि तिसऱ्यात मिळवायचे घर तारण असते.
२) संस्थानाच्या सीमेमुळे जिल्ह्यातील ऋणकोला शेजारच्या जिल्ह्यांच्या तुलनेत कायद्याचे संरक्षण अनेक दशके उशिरा मिळाले.
३) गृहकर्जाची व्यवस्था मासिक उत्पन्न व निर्वेध मालकी या दोन गृहीतांवर उभी असल्याने नोकरदार वर्गाला तिचा लाभ झाला. हंगामी उत्पन्नाचा ऊसतोड कामगार बऱ्याच अंशी बाहेर राहिला.
४) हप्ता मागण्यापूर्वी उत्पन्नाचा हंगाम पाहण्याची भूतारण बँकांची पद्धती घरासाठीच्या छोट्या कर्जात वापरता येण्याजोगी आहे.
५) घरखरेदीची पूर्वतयारी म्हणजे केवळ पैशाची जुळवाजुळव नव्हे. हक्क तपासणे, हिशेब स्वतःच्या हाती ठेवणे आणि हप्ता उत्पन्नाशी जुळवणे ही तिची मुख्य अंगे आहेत.

समारोप :

महाविद्यालयीन प्राध्यापक हा जिल्ह्यात गृहकर्जाचा लाभ घेणारा वर्ग आहे आणि त्याच्या वर्गात बसणारे अनेक विद्यार्थी उचलीवर घर चालवणाऱ्या कुटुंबांतून येतात. दिवाळीनंतर ज्या बाकांवरची उपस्थिती कमी होते, त्या बाकांचा संबंध या इतिहासाशी आहे. कर्जाचा कागद वाचणे, हप्त्यातील व्याज व मुद्दल वेगळे करणे आणि हिशेब मागणे हे शिक्षण अर्थशास्त्र, वाणिज्य व इतिहास या तिन्ही विषयांच्या तासाला देता येईल. ते जितके व्यापक होईल, तितकी जिल्ह्यातील पुढील पिढी घरासाठी श्रम गहाण न ठेवता कर्जाचा पर्याय निवडू शकेल.